निंबोळी टाकली, झेंडू लावला, तरी मुळांना गाठी का येतात?

या गाठी करणारा जीव म्हणजे मूळगाठ सूत्रकृमी, मातीत राहून मुळांत शिरणारा बारीक किडा. आधी त्याची लक्षणं.

भर दुपारी झाड माना टाकतं आणि उन्हं कलली की पुन्हा उभं राहतं, जमिनीत ओल असूनही. पानांना काळोखी येत नाही. नत्राचा हप्ता दिला की थोडे दिवस बरी दिसतात आणि परत फिकी पडतात. फुलं लागतात पण टिकत नाहीत, फळ बारीक राहतं, तोडे लवकर आटपतात. गाजर-बीटला फाटे फुटतात. शिवाय हे शेतभर एकसारखं नसतं. एखादा पट्टा आधी बसतो, आणि पुढच्या हंगामात तो मशागतीच्या किंवा पाण्याच्या दिशेने लांबतो. औजाराला चिकटलेली माती आणि सरीतून वाहणारं पाणी, या दोन्हींबरोबर कृमी पुढे जातात.

झाड काढलं तर मुळांवर एकापुढे एक गाठी. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, कारली, घेवडा, यातलं काहीही असो.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. हे लिहितोय ते ज्यांनी निंबोळी पेंड टाकली, कडेने झेंडू लावला, लसणाचा अर्कही सोडला, आणि तरी गाठी परत निघाल्या, त्यांच्यासाठी. अशी शेतं मी वारंवार पाहिली आणि सुधारलीही आहेत. बहुतेक ठिकाणी वनस्पतीतलं द्रव्य कमजोर नसतं. ते उशिरा पडलेलं असतं, कृमी नसलेल्या जागी पडलेलं असतं, किंवा पोत्यातच मेलेलं असतं.

हे कळायला कृमीचं आयुष्य थोडक्यात डोळ्यांसमोर हवं. मूळगाठ सूत्रकृमी म्हणजे मेलोइडोगायनी या प्रजातीतल्या अनेक जाती. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ०.४ मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. या एकाच अवस्थेत ते मातीत मोकळं हिंडतं. मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं, एका जागी बसतं, तिथल्या काही पेशी मोठ्या करून त्यांच्यावर जगतं. भोवतालचा भाग सुजतो ती गाठ. मादी फुगून गोलसर होते, पुन्हा हलत नाही, आणि चिकट जेलीत काही शे अंडी घालते. मातीचं तापमान २५ ते २८ अंश असेल तर हा फेरा महिनाभरात पुरा होतो, म्हणजे चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या. मादी मुळाच्या आत, अंडी जेलीत. तुमच्या पेंडीच्या किंवा अर्काच्या तावडीत येतं ते मातीतलं मोकळं पिल्लू, तेही मुळात शिरण्याआधी. पुढच्या सगळ्या तपासण्या याच गोष्टीभोवती फिरतात.

१. गाठी कृमीच्याच आहेत का?

याला खुरपं आणि बादलीभर पाणी पुरतं. झाड उपटू नका, उपटलं की बारीक मुळं जमिनीतच तुटतात आणि नेमक्या त्याच मुळांवर पहिल्या गाठी असतात. भोवतालची माती खुरप्याने सैल करून ढेकळासकट उचला, बादलीत बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मेलेलं झाड निवडू नका. कुजलेल्या मुळात बघण्यासारखं काही उरत नाही. खराब पट्ट्याच्या कडेचं, नुकतंच फिकं पडू लागलेलं झाड घ्या.

घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्या चांगल्या. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने घासल्या की सुटतात, आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. कृमीची गाठ म्हणजे सुजलेलं मूळच असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. कोबी, फुलकोबी, मुळा यांच्यात मुळं गदेसारखी जाड झाली असतील तर तो गड्डा रोग असू शकतो. तो मातीतल्या वेगळ्याच जिवामुळे होतो आणि त्याला पेंड-झेंडू काही करत नाहीत. तिथे जमिनीचा सामू (पीएच) आणि फेरपालट बघावी लागते.

खात्री हवी असेल तर एक जुनी गाठ सुईने अलगद फाडा आणि भिंग धरा. आत टाचणीच्या डोक्याहून लहान, मोत्यासारखा चमकणारा पांढरा दाणा दिसतो. ती मादी. गाठीच्या पृष्ठभागावर फिकट तपकिरी चिकट थेंब दिसला तर तो अंड्यांचा पुंजका. एकदा हे पाहिलं की पुन्हा शंका राहत नाही.

२. गाठी मुळावर नेमक्या कुठे आहेत?

ही तपासणीही फुकट आहे, आणि मला सगळ्यात जास्त माहिती हीच देते. धुतलेलं मूळ पांढऱ्या कागदावर पसरा आणि वरून खाली वाचा.

गाठी खोडाजवळ, जुन्या रोपाच्या मुळांच्या गड्ड्यात दाटलेल्या असतील आणि बाहेर गेलेली मुळं त्या मानाने स्वच्छ असतील, तर कृमी रोपाबरोबर आले. शेतात कितीही पेंड टाकली असती तरी फरक पडला नसता. तिसऱ्या तपासणीकडे जा.

गड्डा स्वच्छ, पण त्याबाहेरच्या वरच्या १०-१५ सेंटिमीटर थरातल्या मुळांवर मोठ्या, जुन्या गाठी. म्हणजे लागवड झाली तेव्हा त्या थरात जिवंत पिल्लं होती. पेंड किंवा अर्क एकतर उशिरा पडला किंवा माल निकामी होता. पाचवी आणि सहावी तपासणी तुमच्यासाठी.

वरची मुळं चांगली, खाली गेलेल्या मुळांवर गाठी. याचा अर्थ तुमचा उपाय चालला, पण वरच्या थरापुरताच. सूत्रकृमी ३० सेंटिमीटरपर्यंत भरपूर असतात आणि त्याखालीही सापडतात. सातवी तपासणी बघा.

सगळीकडे बारीक, ताज्या गाठी आणि जुनी मोठी गाठ एकही नाही, तर हल्ला नुकता सुरू झाला आहे. आजूबाजूचं तण किंवा वरच्या शेतातून येणारं पाणी तपासा. अशा पिकाचं उत्पादन बऱ्यापैकी हाती लागतं, घाबरून महागडं काही ओतू नका.

३. रोपं कुठून आली?

ट्रेमधली दोन-चार रोपं काढून मुळं धुवा. लागवडीच्या आधी, नंतर नाही. मातीच्या गादीवाफ्यावर वाढवलेल्या रोपांत धोका जास्त, कोकोपीटच्या ट्रेत कमी. पण ट्रे जमिनीला टेकून ठेवले असतील तर खालच्या भोकांतून मूळ जमिनीत जातं आणि कोकोपीटचा फायदा तिथेच संपतो. रोपांवर एखादीही गाठ दिसली तर ती खेप लावू नका. रोप अर्कात बुडवून लावलं तरी आत बसलेली मादी मरत नाही.

४. मागच्या पिकाची मुळं आणि तण

शेवटचा तोडा झाल्यावर झाडं महिना-दीड महिना तशीच उभी राहतात. उरल्यासुरल्या फळांचा हिशेब आपण करतो, पण त्या काळात कृमीची आणखी एक पिढी फुकट वाढते याचा करत नाही. शेवटच्या तोड्यानंतर लगेच झाडं मुळांसकट काढा. वरून कापून धसकटं जमिनीत ठेवू नका. गाठीत अडकलेली अंडी मुळाच्या कवचात सुरक्षित राहतात आणि रोटाव्हेटर फिरवला की तेच तुकडे शेतभर पसरतात. काढलेली मुळं उन्हात पसरून कडकडीत वाळवा. थंड, न तापणाऱ्या खताच्या ढिगात टाकलीत तर खताबरोबर परत शेतात येतील.

तणांत घोळ, माठ, कामोणी आणि लव्हाळा यांची मुळं मुद्दाम उकरून बघा. या सगळ्यांवर कृमी पोसला जातो. पीक नसताना शेत रिकामं आहे असं आपण समजतो. घोळीने भरलेलं शेत कृमीच्या दृष्टीने रिकामं नसतं.

५. कधी टाकलं?

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त अपयश इथे आहे.

गाठी दिसल्यावर निंबोळी सोडणं हा सर्रास चालणारा प्रकार. तोवर पहिली पिढी मुळात बसलेली असते. आळवणीने, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतून, मातीतली नवी पिल्लं थोडी दबतात, नव्या पांढऱ्या मुळांना जरा उसंत मिळते, एवढंच. झालेल्या गाठी विरघळत नाहीत. आणि निंबोळी तेल पानांवर फवारून मुळातल्या कृमीचा बंदोबस्त करायचा, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पेंड लागवडीच्या दोन ते तीन आठवडे आधी मातीत गेली पाहिजे. कारण ती दोन मार्गांनी काम करते. निंबोळीतली अझाडिरेक्टिन, सॅलॅनिन, निंबिन यांसारखी कडू द्रव्यं अंडी फुटण्यात आणि पिल्लांच्या हालचालीत अडथळा आणतात. दुसरं, पेंड कुजताना अमोनिया सुटतो, जो कृमीला घातक असतो, आणि कुजण्यावर जगणारे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांतले काही कृमींची अंडीही खातात. पण तोच अमोनिया कोवळ्या रोपाची मुळं जाळतो. म्हणून लागवडीच्या दिवशी खड्ड्यात मूठभर पेंड टाकून त्यावर रोप ठेवण्याची जी पद्धत आहे, तिने दोन्हीकडून नुकसान होतं: कृमीला वेळ मिळतो आणि रोप होरपळतं.

जमीन लागवडीला तयार झाली का हे बघायला पेंड टाकलेल्या जागेत चिमूटभर मुळ्याचं बी टाका. चार-सहा दिवसांत नीट उगवलं, कोंब करपले नाहीत, तर रोप लावायला हरकत नाही.

६. माल जिवंत आहे का?

निंबोळी पेंडीचं पोतं उघडून वास घ्या आणि कणभर पाण्यात भिजवून जिभेच्या टोकाला लावून थुंका. कडूपणा झणकन लागला पाहिजे. तेल पूर्ण काढून घेतलेल्या पेंडीत कडू द्रव्यं कमी उरतात. खत म्हणून ती चालते, कृमीसाठी हात आखडता ठेवते. बुरशी धरलेली, गोळे झालेली, उन्हापावसात पडलेली पेंड घेऊ नका. एरंडीच्या पेंडीची चव मात्र चुकूनही घेऊ नका. तिच्यात रिसिन हे जहाल विष असतं. कृमीवर ती उपयोगी आहे, पण पसरताना तोंडाला फडकं बांधा, ती मातीआड करा, आणि कुत्री-जनावरं तिच्यापर्यंत जाणार नाहीत हे बघा.

मोहरीच्या पेंडीची परीक्षा आणखी सोपी. कोरड्या पेंडीला तिखट वास नसतो. मूठभर पेंड कोमट पाण्यात कालवा, झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि झाकण उघडून हुंगा. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, तर माल उत्तम. वास नुसताच भिजलेल्या पिठासारखा असेल तर तिच्यात खतापलीकडे काही नाही. कारण मोहरीत तिखट द्रव्य तयार स्वरूपात नसतंच. ग्लुकोसिनोलेट एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारं द्रव्य) दुसऱ्या; दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोघं भेटून आयसोथायोसायनेट बनतं, आणि कृमी मारतं ते हे. तेल काढताना पेंड जास्त तापली असेल तर विकर मेलेलं असतं. याच कारणाने या परीक्षेला उकळतं पाणी वापरू नका, चांगला मालही नापास होईल.

बाटलीतल्या अझाडिरेक्टिनचे शत्रू दोन: ऊन आणि अल्कधर्मी पाणी. ज्या पाण्यात मिसळता त्याचा सामू ६ च्या आसपास आणा, मिश्रण त्याच दिवशी संपवा, आणि आळवणी संध्याकाळी करा. सकाळी कालवून दुपारी उन्हात ठेवलेलं द्रावण म्हणजे पैसे पाण्यात. मात्रा लेबलवर असेल तीच.

लसूण, दालचिनी, ओवा यांच्या तेलांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. लसणातली गंधकाची संयुगं, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, ओव्यातलं थायमॉल, काचेच्या बशीत पिल्लांवर टाकली तर ती निपचित पडतात. पण निपचित पडणं म्हणजे मरणं नव्हे. बरीच पिल्लं साध्या पाण्यात टाकली की पुन्हा वळवळू लागतात. शेतात तर मातीतला सेंद्रिय भाग ही द्रव्यं धरून ठेवतो, सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात, उरलेली उडून जातात. तीव्रता वाढवली तर कृमीच्या आधी पिकाची मुळं भाजतात. यांची तयार, ठरावीक प्रमाणात बनवलेली औषधं वेगळी. घरी वाटून गाळलेल्या लसणाच्या एकट्या अर्कावर मी भिस्त ठेवत नाही. शिवाय तो नीट गाळला नाही तर ठिबकची छिद्रं बुजतात.

७. पुरेसं पडलं का, आणि कृमीपर्यंत पोहोचलं का?

निंबोळी पेंडीची चालणारी मात्रा हेक्टरी १ ते २ टन, म्हणजे चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम. प्रत्यक्षात बघावं तर एवढीच पेंड दुप्पट-तिप्पट क्षेत्रावर फेकलेली असते. माल कमी असेल तर सगळीकडे उधळू नका. फक्त गादीवाफ्यावर, रोपाच्या ओळीत द्या आणि १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळा. वर पसरून ठेवलेली पेंड वाळते आणि तिच्यातलं कामाचं द्रव्य उन्हात जातं. मिसळल्यावर पाणी द्या आणि वाफसा टिकवा. कोरड्या मातीत पेंड कुजत नाही; चिखलात हवा नसते, तिथेही कुजणं बिघडतं. या पेंडींत साधारण ४ ते ५ टक्के नत्र असतं, ते खताच्या हिशेबातून वजा करा, नाहीतर झाड नुसतं पानांत वाढेल.

खालच्या मुळांना गाठी निघत असतील तर आळवणीत पाणी कमी पडतंय. आधी साधं पाणी देऊन माती ओली करा, मग द्रावण, मग पुन्हा थोडं साधं पाणी, म्हणजे द्रव्य खाली उतरतं. तरी ३० सेंटिमीटरखालचे कृमी कुठल्याही वनस्पतिजन्य उपायाला फारसे सापडत नाहीत. रोपाची सुरुवातीची मुळं वाचली की झाड पुढचा हल्ला सोसतं, एवढं पदरात पडलं तरी पुष्कळ.

८. कुंडीतली परीक्षा

आता खर्च नाही, पण वेळ लागतो. खराब पट्ट्यातून आणि कडेने दहा-पंधरा ठिकाणची माती १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवरून घ्या, मिसळा आणि तीन कुंड्यांत वाटा. एक कुंडी तशीच ठेवा. दुसरीच्या मातीवर आधी उकळतं पाणी ओतून ती निवू द्या. तिसरीत लिटरभर मातीला साधारण १ ग्रॅम या हिशेबाने पेंड मिसळा. तिन्ही दोन-तीन आठवडे ओलसर ठेवून मग काकडीचं बी टोका. उबदार जागी तीन-चार आठवडे वाढवा आणि मुळं धुवून गाठी मोजा.

मोजायला ० ते ५ ची रूढ श्रेणी वापरा: गाठ नाही ०, एक-दोन गाठी १, ३ ते १० असतील तर २, ११ ते ३० असतील तर ३, ३१ ते १०० असतील तर ४, त्यापुढे ५. पहिल्या कुंडीत ४ आणि पेंडीच्या कुंडीत २ आलं, तर पेंड काम करते आणि गडबड शेतातल्या वापरात आहे. दोन्हीत ४ आलं तर माल बदला. दुसऱ्या कुंडीत गाठी निघाल्या तर मातीऐवजी तुमचं पाणी किंवा कुंडी संशयित. पहिल्याच कुंडीत ० आलं तर मुळात शेतात कृमी फार नाहीत, दुखणं दुसरं आहे.

हीच श्रेणी हंगामाच्या शेवटी शेतातही वापरा आणि एक ओळ मुद्दाम उपाय न करता ठेवा. ती ओळ नसेल तर फायदा निंबोळीने झाला की थंडीने, हे कुणीच सांगू शकत नाही.

९. झेंडू खरंच लावला होता का?

बांधाला चार ओळी झेंडू लावून मधल्या टोमॅटोचे कृमी जात नाहीत. झेंडूच्या मुळात अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं. १९५८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ते झेंडूतलं कृमिनाशक म्हणून ओळखलं. ते काम करतं मुख्यतः जिवंत मुळात आणि मुळाला लागून. पिल्लू झेंडूच्या मुळात शिरतं आणि तिथे वाढू शकत नाही. म्हणून जिथे पुढे भाजी लावायची आहे, तिथली माती झेंडूच्या मुळांनी भरली पाहिजे: दाट लागवड, २० ते ३० सेंटिमीटरवर, निदान दोन महिने, तीन झाले तर उत्तम. भाजीबरोबर मिसळून नव्हे, भाजीच्या आधी. बुटका फ्रेंच झेंडू या कामाला विशेष चांगला. फुलं तोडून घेतली तरी चालतं, मुळं महत्त्वाची.

झेंडूत तण वाढलं असेल तर सगळं मुसळ केरात. कृमी घोळीवर जगतात आणि झेंडू उगाच बदनाम होतो. नीट केलेल्या झेंडूचा फायदा साधारण पुढच्या एका पिकापुरता धरून चाला. वाळलेल्या झेंडूचा पाला आणून मातीत घालण्याला मी फार भाव देत नाही.

१०. मोहरी गाडणं, ताग आणि ऊन

इथून पुढे कष्ट आणि शेत अडकून पडणं आलं.

मोहरी फुलोऱ्यात आली की शक्य तितकी बारीक चिरडून लगेच गाडायची. कापून अर्धा दिवस पडू दिली तर वायू हवेत गेला. गाडून पाणी द्या आणि दोन आठवडे प्लास्टिकने झाका. नंतर उघडून माती मोकळी होऊ द्या, वर सांगितलेली मुळ्याच्या बियांची परीक्षा घ्या, मगच लागवड. एक गोम आहे: मोहरी स्वतःच या कृमीला आसरा देते. उबदार जमिनीत ती दोन-अडीच महिने उभी राहिली तर गाडायच्या आधीच कृमी वाढवून ठेवते. थंड हंगामात घ्या, नाहीतर पीक न घेता चांगली पेंडच वापरा. बंद पॉलिहाउसमध्ये हे करताना पडदे उघडे ठेवा. तो वायू डोळ्यांना आणि छातीला झोंबतो.

ताग (हिरवळीच्या खताचा, म्हणजे बोरू) फेरपालटीला जास्त बिनधोक. त्याच्यावर कृमी फारसे वाढत नाहीत आणि गाडल्यावर जमिनीलाही बळ मिळतं. फक्त पुढचं पीक पुन्हा कृमीला बळी पडणारं असेल तर कृमीची संख्या हंगामात भरून येते, हे धरून चाला.

सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या जमिनीवर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून, कडा मातीत दाबून, चार ते सहा आठवडे ठेवलं तर वरच्या थरातले बरेच कृमी आणि अंडी मरतात. काळा मल्चिंग पेपर या कामाचा नाही, तो ऊन स्वतःच पितो. प्लास्टिकखाली पेंड किंवा मोहरी असेल तर दोन्हींचा जोर वाढतो. माझ्या अनुभवात हट्टी पट्ट्यासाठी हीच जोडी कामी येते.

टोमॅटोत कृमीला प्रतिकारक वाण मिळतात. ते लावले तरी मातीचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर त्यांच्यातला प्रतिकार देणारा एमआय (Mi) जनुक ढिला पडतो, म्हणून उन्हाळी लागवडीत आच्छादन करून जमीन थंड ठेवा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

उभ्या पिकात निम्म्याहून जास्त झाडांची श्रेणी ४-५ असेल तर आळवण्यांवर खर्च थांबवा. थोडं-थोडं, वारंवार पाणी द्या, मिळतील ते तोडे घ्या आणि पीक वेळेत मोकळं करा.

झाडं संध्याकाळीही उठत नसतील तर खोड आडवं कापा. आतली नळी तपकिरी असेल तर मर रोगाची बुरशी असू शकते. कापलेला तुकडा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरल्यावर दुधाळ धार निघाली तर जिवाणूजन्य मर. गाठींच्या जखमांतून हे दोन्ही आत शिरतात. इथे वनस्पतीरोग तज्ज्ञाला शेतावर आणा. नुसत्या निंबोळीवर वेळ काढलात तर पुढचा पट्टाही जाईल.

प्रतिकारक टोमॅटोला थंड जमिनीतही भरपूर गाठी आल्या, तर जात वेगळी असण्याची शक्यता आहे. मेलोइडोगायनी एंटरोलोबी ही जात तो प्रतिकार जुमानत नाही आणि डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. तसंच मुळं तपकिरी, रेघारेघांनी कुजलेली आणि गाठ एकही नाही, तर ते दुसरे सूत्रकृमी असू शकतात. दोन्हींना प्रयोगशाळा हवी.

मातीत धुरी देणारी रासायनिक औषधं हा घरी करायचा प्रयोग नाही. तिथे परवानाधारक, प्रशिक्षित माणूसच हवा.

प्रयोगशाळेला पाठवायचा नमुना असा घ्या: खराब पट्ट्याच्या कडेने दहा-वीस ठिकाणांहून, मुळांच्या खोलीवरची माती आणि सोबत थोडी गाठींची मुळं. जमीन वाफशावर असावी. प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा, सावलीत ठेवा. वाळवू नका, गाडीच्या डिकीत तापू देऊ नका, बर्फातही ठेवू नका. मेलेले कृमी मोजणीत कमी येतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. पिशवीवर आत्ताचं पीक, मागचं पीक आणि काय-काय कधी टाकलं ते लिहा.